उद्या उमलणाऱ्या कळ्या

४ एप्रिल

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. तुला माहीतच आहेत आमच्या दोन खोल्या. तुझा दादा दिवसभर घरात आणि मी फोन उचलला की त्याचे कान टवकारलेले. उत्तर मात्र मी कपडे दुरुस्त करते त्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर तो फोडेल आणि माझी शोभा होईल.

गेल्या वर्षी तो औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून खाली आला, त्यानंतरचं सगळं तू दवाखान्यात बसून पाहिलंस. एक मधमाशी, मानेवर एक डंख आणि माणूस बघता बघता निळा पडला. पुढचा डंख याहून वाईट असू शकतो, हे डॉक्टर म्हणाले तेव्हा तू माझा हात धरला होतास. तेव्हापासून तुझ्या दादाने उंबरा ओलांडलेला नाही. डंख झाला की लगेच टोचायचं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन कपाटावर ठेवलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शेजारच्या झाडावरचं पोळं मी पाया पडून काढायला लावलं. मागच्या अंगणातलं फुलाचं एकूण एक रोप उपटलं.

आणि आता तिथेच, भांडी धुतलेलं पाणी जातं त्या कोपऱ्यात, एक वेल उगवलाय. कलिंगडाचा! दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हा आम्ही पायरीवर बसून कलिंगड खाल्लं होतं आणि कोणाची बी लांब जाते यावरून भांडलो होतो, आठवतं? त्यातलीच एखादी. मी त्याच दिवशी उपटणार होते. पण खिडकीतून बघून हा म्हणाला, "राहू दे ना." इतक्या महिन्यांत त्याने मागितलेली ती पहिली गोष्ट. माझा हात काही चालला नाही.

आता त्याला कळ्या यायला लागल्यात आणि गेल्या आठवड्यात एक मधमाशी घिरट्या घालताना दिसली. म्हणून रोज संध्याकाळी, तो पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत असतो तेव्हा, मी गुपचूप कळ्या खुडून टाकते. त्याला यातलं काही माहीत नाही. सकाळी खिडकीशी उभा राहून म्हणतो, "फूल कसं येत नाही गं?" मी म्हणते, नर वेल असेल.

तू बियाण्यांच्या कंपनीत हेच काम करतेस. मला फक्त एवढं सांग, कुठली कळी उद्या उमलणार ते आज कसं ओळखायचं? सरसकट तोडते आहे, वेल मरेल अशी भीती वाटते. आणि दादाला यातलं एक अक्षर बोलू नकोस.

तुझी,
वहिनी


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

नर वेल! हे मी आमच्या शेडमध्ये वाचून दाखवलं असतं तर बायका हातातलं काम टाकून हसल्या असत्या. अगं, एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. ज्याच्या मागे नुसतं बारीक देठ, ते नर. ज्याच्या मागे वाटाण्याएवढा केसाळ गोळा, ते मादी. तो गोळा म्हणजेच कलिंगड, फक्त अजून त्याला आपण कोण ते कळलेलं नसतं.

उद्या उमलणारी कळी फुगलेली असते आणि तिच्या टोकाला पिवळी झाक आलेली असते. घट्ट हिरवी असेल तर तिला अजून वेळ आहे. आम्हीही हे संध्याकाळीच बघतो. माद्यांवर कागदी टोपी चढवायची, नर कळ्या खुडून ओल्या फडक्यावर ठेवायच्या. सकाळी त्या उमलल्या की कुंचल्याने पराग टिपायचा, मादीवर फिरवायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दिवसभर तेच. रात्री डोळे मिटले तरी पिवळंच दिसतं.

तुला तोडायच्याच असतील तर फक्त नर तोड. माद्यांना हात लावू नकोस. पराग मिळाला नाही की त्या आपोआप पिवळ्या पडून गळतात. त्याच तोडत बसलीस तर वेल बिथरतो आणि दुप्पट फुलं काढतो. मग तुझ्याच नाकी नऊ येतील.

डॉक्टर ते उपचार म्हणाले होते ना, विष थोडं थोडं देऊन अंगाला सवय करायचे? त्याचं पुढे काय झालं? दादा मला फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलतो.

आणि हो, तोडलेल्या कळ्या तू टाकतेस कुठे?

तुझी,
धाकटी


१७ एप्रिल

प्रिय धाकटे,

कळ्यांचं काय विचारतेस, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. अंगणात टाकल्या तर त्याला खिडकीतून दिसतील. सांगितलंस तसंच करतेय, फक्त नर. आता अंधारातही नुसत्या बोटांनी ओळखते.

उपचारांचं नाव काढलं की हा भिंतीकडे तोंड करतो. दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागेल, आणि याला बसथांब्यापर्यंत जायची छाती नाही. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणतो. पुढचा महिना आला की त्याच्याही पुढचा.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. वेलाला फळ धरलंय! आज पान उचललं तर खाली सुपारीएवढं, लव असलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं चकचकीत फळ, मान खाली घालून बसलेलं. जरा पलीकडे दुसरं. गळणं सोडच, दोन्ही चांगली बाळसं धरतायत.

म्हणजे मधमाश्या येताहेत. मी एकही नर फूल उमलू देत नाही, म्हणजे त्या दुसरीकडून पराग घेऊन येत असणार. कुठून येतात? कधी येतात? रविवारी सकाळभर डोळ्यांत तेल घालून पायरीवर बसले, हातात टॉवेल घेऊन. एक आली, फिरली आणि काही न मिळाल्यासारखी निघून गेली. पण मी दुकानात असताना काय होतं ते कोण बघतं? शिवताना दोनदा बोटात सुई गेली. दुकानाच्या बाईंनी विचारलं, लक्ष कुठे असतं तुझं?

वेल मुळापासून उपटू का? तू हो म्हटलंस तर उद्याच उपटते. आपणहून मात्र हात होत नाही, कारण हल्ली हा आंघोळ करताना गाणं म्हणतो. काल जेवताना आपणहून म्हणाला, "फळ चांगलं धरलंय ना?" पानाखालचं खिडकीतून त्याला दिसत नाही, तरी याचं मन बघ कसं धावतं.

लवकर कळव.

वहिनी


२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

उपटू नकोस. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर वाच.

फळ धरायला मधमाशीच लागते असं नाही. मुंगी असते, बारीकसारीक माश्या असतात, कधी वारासुद्धा. तू उगीच जीव टांगणीला लावून घेतलायस. उलट आता फळं धरली म्हणजे वेल सगळी ताकद त्यांच्यात घालेल. फुलं कमी होतील, तुझी संध्याकाळची चोरी हलकी होईल.

दोन्ही फळांखाली कौल किंवा फरशीचा तुकडा सरकव, ओल्या मातीवर टेकली तर कुजतात. पाणी रोज शिंपडू नकोस. दोन-तीन दिवसांनी एकदाच भरपूर दे.

आणि दादा गाणं म्हणतोय हे तू जाता जाता एका ओळीत उरकलंस. मी ती ओळ परत परत वाचली. कुठलं गाणं म्हणतो गं?

तुझी,
धाकटी


२६ एप्रिल

वन्संबाईंना,

नमस्कार. तुमच्या सांगण्याप्रमाणे फळाखाली फरशी सरकवायला पान उचललं. देठाला लाल दोरा होता.

दोरा माझ्या रिळावरचा. मी रोज हाताळते, मला ओळखू येणार नाही? आणि गाठ तुमची. मागच्या वेळी पुस्तकांचं पार्सल पाठवलं होतं त्याला अशीच दोन फाशांची गाठ होती, सोडवताना माझं नख मोडलं होतं.

मग मी घर धुंडाळलं. वर्षभर रंगात न बुडालेल्या त्याच्या सगळ्यात बारीक कुंचल्याला पिवळी पूड. पलंगाखाली जुनी ताटली, तिच्यात ओलं फडकं आणि फडक्यावर ओळीने लावलेल्या माझ्या कळ्या. मी आदल्या संध्याकाळी खुडून डब्यात टाकलेल्या! सगळ्या उमललेल्या.

म्हणजे मी सकाळी दूध आणायला जाते तेव्हा हा बाहेर पडतो. जिथे मधमाशी दिसली तिथे, वेलाजवळ उकिडवा बसतो. ज्या कळ्या मी त्याच्या जिवासाठी तोडते, त्याच घेऊन तुम्ही त्याला तिथे पाठवलंत. आणि वर मला लिहिता की वारा! तोडलेल्या कळ्यांची चौकशी करता! मी अडाणी आहे बियाण्यांच्या बाबतीत, पण मूर्ख नाही.

तो कोसळला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. मी शिडीखाली होते. त्याचा श्वास घशात अडकतानाचा आवाज मी ऐकलाय, तुम्ही नाही. भाऊ तुमचा असेल, नवरा माझा आहे.

मागच्या दाराला मी कुलूप घातलंय, किल्ली माझ्या पर्समध्ये असते. भांडण केलं नाही. त्याने कुलूप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन रेडिओ लावला. गाणं बंद झालंय. विचारलं होतंत म्हणून कळवते.

यापुढे त्याला काही शिकवू नका.


३० एप्रिल

प्रिय वहिनी,

तू मला अहोजाहो केलंस, ते मला शिव्या दिल्याहून जास्त लागलं. लागायलाच हवं होतं.

खरं आहे, मी शिकवलं. वारा वगैरे लिहिलं ते धडधडीत खोटं. कलिंगडाचा पराग चिकट असतो, वाऱ्याने हलतसुद्धा नाही. तुझ्या पहिल्या पत्राआधीच दादाचा फोन आला होता. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते. "तुझी वहिनी रोज संध्याकाळी कळ्या खुडते आणि मला दिसत नाही असं तिला वाटतं. दिसत नाही असंच तिला वाटू दे. तेवढ्याने तिला रात्री झोप लागते. पण त्या तोडलेल्या कळ्यांचं काही करता येईल का?"

वहिनी, वर्षभर तो माझ्याशी हवापाण्याचं बोलत होता. उंबऱ्याबाहेरची हवा वर्षभर न खाल्लेला माणूस! त्या दिवशी पहिल्यांदा त्याने काही विचारलं. मी नाही म्हणू शकले नाही.

अटी घातल्या होत्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कान झाकलेले. अंगणात ऊन यायच्या आत परत. इंजेक्शन कपाटावर नाही, शर्टाच्या खिशात, घरातही, झोपतानाही. परत आत आला की लगेच मला फोन. पहिल्या दिवशी त्याचा आवाज इतका थरथरत होता की मला वाटलं, डंख झालाच. तो नुसतं कडी काढून पायरीवर उभा राहून परत आला होता. त्यानंतर चार-पाच दिवस फक्त पायरीच. वेलापर्यंत पोचला त्या दिवशी फोनवर रडला.

मी तुझ्या नवऱ्याच्या जिवाशी खेळले, हे मला कळतं. काही झालं असतं तर तुला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण त्याला दारापर्यंत नेईल असं दुसरं काही मला सापडलं नाही. तुला तरी सापडलं का?

कुलूप काढ किंवा ठेव, घर तुझं आहे. मी यापुढे मध्ये पडणार नाही. फक्त त्याच्या खिशातलं इंजेक्शन काढून घेऊ नकोस. एवढी एकच गोष्ट ऐक.

धाकटी


१० मे

वहिनी,

तुझं उत्तर नाही. रागावली आहेस म्हणून वाट बघत होते. पण शनिवारपासून दादाचा फोन बंद आहे आणि तू उचलत नाहीस. आज दुकानात फोन करून विचारलं तर बाई म्हणाल्या, ती रजेवर आहे, घाईघाईत गेली, आणखी काही माहीत नाही.

बरी-वाईट कशीही असो, एक ओळ पाठव. हे रात्रीच्या बसवाल्याबरोबर पाठवतेय, दुकानातली मुलगी ते तुझ्या हातात देईन म्हणालीये; उत्तरही त्याच बसने पाठव. परवापर्यंत काही कळलं नाही तर मी रजा मिळो न मिळो, निघते.

धाकटी


११ मे

प्रिय धाकटे,

निघू नकोस, तो बरा आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. तो आत झोपलाय. फोन न उचलण्याचं कारण राग नव्हता. तुला काय सांगायचं आणि कुठल्या तोंडाने, तेच कळत नव्हतं. तोंडाने सांगता येणार नाही म्हणून पुन्हा पत्रच.

कुलूप घातल्यावरही मी संध्याकाळी कळ्या तोडतच होते. तुझ्यावरच्या रागाने जरा जास्तच. नर बघितलं नाही, मादी बघितली नाही, हाताला लागेल ते ओरबाडलं. शुक्रवारी त्यात दिवसा उमलून संध्याकाळी मिटलेली फुलंही आली. एका मिटलेल्या फुलात मधमाशी होती, झोपलेली किंवा अडकलेली. न बघताच मी ती सगळी फुलं मुठीत धरून घरात आणली, डब्यात टाकली, वर झाकण लावलं.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेल्यावर त्याने चहाचा चोथा टाकायला झाकण उघडलं. मनगटावर डंख बसला. जाळ्या लावलेल्या, कुलूप घातलेल्या घरात.

इंजेक्शन त्याच्या खिशात होतं. कुलूप घातलं त्याच दिवशी मी ते परत मागितलं होतं. आता बाहेर जायचंच नाही तर खिशात कशाला, पडून फुटेल, म्हणाले होते. त्याने दिलं नाही. "धाकटीला शब्द दिलाय," म्हणाला. मला त्याचाही राग आला होता.

त्याने ते पायजम्यावरूनच मांडीत टोचलं. मग पुढचं दार उघडून, उंबरा ओलांडून, रस्ता ओलांडून समोरच्या टॅक्सीवाल्यांचं दार ठोठावलं. वर्षभर उंबऱ्याशी अडणारा माणूस! टॅक्सीवाले म्हणाले, "चेहरा ओळखू येत नव्हता, पण गाडीत स्वतः चढून बसला." मला कळून मी पोचेपर्यंत तो उशीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "तू रडू नको, मी केलं सगळं बरोबर."

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन शोधत बसला असता तर वेगळं झालं असतं. ते बोलत होते आणि मी डब्याचं झाकण लावतानाचा माझा हात बघत होते. धाकटे, मीच ती आत आणली. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये. डब्यात फूल होतं." आणि पुन्हा डोळे मिटले. रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्याने आपणहून डॉक्टरांना विचारलं, ते सवय करायचे उपचार कधी सुरू करता येतील?

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दारापर्यंत नेणारं दुसरं काही मला सापडलं का, असं तू विचारलं होतंस. नाही सापडलं.

वहिनी


१७ जून

प्रिय धाकटे,

कुलूप दुकानातल्या बाईंना देऊन टाकलं. त्यांच्या सायकलला लागतच होतं.

तुझा दादा दर मंगळवारी दवाखान्यात जातो. पहिल्यांदा बसथांब्यावर त्याने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. आता नुसती बाही धरतो. बरं व्हायला फार काळ लागेल, कदाचित वर्षं, आणि तोपर्यंत खिशातलं इंजेक्शन खिशातच राहील. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. मी फक्त गप्प बसायला शिकतेय. मला ते किती जड जातं, तुला माहीतच आहे.

कळ्या तोडणं बंद केलंय. मधमाश्या येतात, आपलं काम करून जातात. हा अंगणात उतरतो तो दिवस मावळताना, फुलं मिटल्यावर. त्याने एक पाटी रंगवलीये, वर्षानंतरची पहिली. मागच्या दारावर लावली, तोंड घराकडे नाही, वेलाकडे. सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलंय: "मधमाश्यांनी कृपया सकाळीच यावे. मालक संध्याकाळी भेटतील."

दोनातलं एक कलिंगड फुटलं. दवाखान्यातून आल्यावर मी प्रेमाने पाण्याचा मारा केला आणि त्याला ते सोसवलं नाही. तुझं पाण्याबद्दलचं वाक्य तेव्हा आठवलं. दुसरं राहिलं. देठाजवळचा दोऱ्यासारखा वळलेला तणावा सुकला, फरशीला टेकलेलं पोट पिवळं झालं, टिचकीचा आवाज भरीव यायला लागला. तरी हा रोज "अजून दोन दिवस" म्हणायचा. आयुष्यात कधी नव्हे तो तुझा भाऊ थांबायला शिकलाय. शेवटी काल संध्याकाळी मीच सुरी आणली.

आत लाल निघालं. कडेला जरा फिकट, मध्ये छान. गोडी बेताची. हा डोळे मिटून म्हणाला, "साखर आहे साखर!" सपशेल खोटं बोलतो. या घरात खोटं बोलण्यात कोणीच मागे नाही, तुझ्यासकट.

या पत्राबरोबर लाल दोरा पाठवतेय, देठावरचा. गाठ सोडवली नाही, तशीच कापून घेतली. रीळ माझं असलं तरी गाठ तुझी आहे, म्हणून परत.

पायरीवर बसून खात होतो. दार मागे सताड उघडं. हा एक फोड संपवून उठला, उघड्या अंगणात दोन पावलं पुढे गेला, आणि मी नकळत त्याच्या खिशाकडे बघितलं. खिसा फुगलेला होता. मग त्याने गाल फुगवले आणि बी थुंकली. भिंतीच्या अलीकडे पडली. वळून माझ्याकडे असा बघायला लागला, जणू किल्ला जिंकला.

मग मीही उठले. माझी भिंतीपलीकडे गेली.

तुझी,
वहिनी